डेबियन, झेडएफएस आणि कऱ्हाडची मावशी

वैरागसारख्या गावात फळ्यावर 'झेडएफएस या फाइल सिस्टीमवर डेबियन बसवणे' असा व्याख्यानाचा विषय लिहिला, की निम्मे श्रोते चुकून आलेले असतात. ते उठून गेले नाहीत, याबद्दल आभार. ऑनलाइन ऐकणारे मात्र विषय बघूनच आले असणार. आमच्या चुका तेच काढतील.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, संगणकाचं शिक्षण काही नाही. तरी हा विषय घेतला, कारण गेल्या वर्षी आम्ही एक मजकूर ओळ न ओळ वाचला. ओपनझेडएफएस प्रकल्पाने डेबियनसाठी एक मार्गदर्शिका लिहिली आहे. सगळी ऑपरेटिंग सिस्टीमच, मुळापासून, झेडएफएसवर कशी उभी करायची, ते तिच्यात सांगितलं आहे. आम्ही ती एखादा सूत्रग्रंथ वाचावा तशी वाचली, आणि वाचता वाचता तिच्याबरहुकूम एक यंत्र उभं केलं. आजची समीक्षा त्या मजकुराची आहे. यंत्र चाललं की नाही हा प्रश्न त्यापुढे दुय्यम. चाललं, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे उत्कंठा नको.

हे करायची वेळ का आली? इथल्या आमच्या एका मित्राकडे त्याच्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मावशी कऱ्हाडची. नव्वदच्या दशकात कॅसेटवर घेतलेल्या, पुढे संगणकावर उतरवलेल्या. फाइलचं नाव 'कऱ्हाडची मावशी'. मावशी गेली, कॅसेटला बुरशी लागून तीही गेली. दोनेक वर्षांपूर्वी मित्राने फाइल लावली, तर मध्येच चरचर, मग थोडा वेळ नुसती शांतता, मग पुन्हा ओवी. म्हणाला, हरकत नाही, आपल्याकडे बॅकअप आहे. माणूस शिस्तीचा. दर दिवाळीला सगळं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा. ती डिस्क लावली. तिथेही तीच चरचर. म्हणजे फाइल कधीतरी बिघडली, आणि पुढच्या दिवाळीला बिघडलेली फाइल चांगल्या फाइलच्या डोक्यावर जाऊन बसली. या सगळ्यात डिस्कने एकदाही तक्रार केली नाही. आमच्या मित्राला जास्त लागलं ते हेच. बिघडण्याचं त्याला एवढं वाटलं नाही, न सांगता बिघडण्याचं वाटलं.

आता इथे आमच्या जुन्या विषयात शिरल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. ज्ञान खरं आहे हे कशावरून कळतं, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाला. मीमांसक म्हणतात, प्रामाण्य स्वतः असतं. ज्ञान झालं की ते खरंच मानून चालायचं. खोटं ठरतं ते बाहेरच्या कारणाने: एक तर त्याला बाधणारं दुसरं ज्ञान येतं, किंवा ज्या साधनाने ते झालं त्या साधनातच दोष सापडतो. कुमारिलांनी श्लोकवार्तिकात हे मांडलं आहे. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य परतः असतं. ज्ञान खरं की खोटं, हे त्या ज्ञानाखेरीज दुसऱ्या कशाने तरी ठरवावं लागतं.

आपल्या रोजच्या लिनक्समधली ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टीम फाइलच्या मजकुरापुरती मीमांसक आहे. डिस्कने जे आणून दिलं ते खरं. डिस्क स्वतःहून 'हा भाग वाचता येत नाही' म्हणाली, तर तो साधनदोष. नाहीतर संशय घ्यायचं कारण नाही. स्वतःच्या हिशेबाच्या वह्यांचे, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवली वगैरे नोंदींचे चेकसम ती ठेवू शकते, ती सोय २०१२ पासून आहे. पण मावशीच्या आवाजाचा चेकसम ती ठेवत नाही. तिथे बाधक ज्ञान झालं ते मित्राच्या कानाला, आणि तोवर किती दिवाळ्या गेल्या होत्या कोण जाणे.

झेडएफएस नैयायिक आहे. कुठलाही ब्लॉक लिहिताना ती त्याचा चेकसम काढते, आणि तो त्या ब्लॉकजवळ ठेवत नाही. त्या ब्लॉककडे बोट दाखवणारा जो वरचा ब्लॉक, त्याच्यात ठेवते. आरोपीने स्वतःच्या चारित्र्याचा दाखला स्वतःच लिहून आणायचा नाही, इतकं साधं तत्त्व. वाचताना मजकुराचा चेकसम पुन्हा काढायचा आणि वरच्याने ठेवलेल्याशी ताडून बघायचा. जुळला नाही, तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत घ्यायची, ती जुळली तर तीच वाचकाला द्यायची आणि बिघडलेली दुरुस्त करायची.

यावर मीमांसकांचा आक्षेप तयारच असतो: तपासणाऱ्याला कोण तपासणार? ही अनवस्था झाली, याला शेवट नाही. झेडएफएसमध्ये वरच्या ब्लॉकचा चेकसम त्याच्या वरच्याकडे, त्याचा त्याच्या वरच्याकडे, असं चढत चढत आपण उबरब्लॉकपाशी येतो. त्याच्या वर कोणी नाही. तो आपला चेकसम आपल्यापाशीच ठेवतो. म्हणजे शिखरावर नैयायिकालाही मीमांसक व्हावं लागलं! मात्र तो धूर्त मीमांसक आहे. उबरब्लॉक ज्या लेबलात राहतो, त्याच्या प्रत्येक डिस्कवर चार प्रती असतात, दोन आरंभी, दोन शेवटी. प्रत्येकीत जुन्या उबरब्लॉकांची रांगही असते, आणि ज्याचा चेकसम जुळतो त्यांतला सर्वांत अलीकडचा धरायचा. वैरागची लाइट ज्या क्षणी जाते, त्या क्षणाचं लिखाण अर्धवट राहिलं, तर त्याच्या आधीचा उबरब्लॉक शाबूत असतो, कारण चालू ब्लॉकावर ही व्यवस्था कधी लिहीतच नाही. नवीन जागी लिहिते आणि मग बोट हलवते.

उपमा फार ताणू नये, हेही सांगतो. न्यायदर्शनात प्रामाण्य कळतं ते सफल प्रवृत्तीने: पाणी दिसलं, जाऊन प्यालो, तहान भागली, म्हणजे ते पाणीच. झेडएफएस पाणी पिऊन बघत नाही. पूर्वी केलेल्या नोंदीशी आजची नोंद ताडते, एवढंच. हा फरक मावशीच्या बाबतीत आडवा येतो. आम्ही ती बिघडलेली फाइल नव्या यंत्रावर ठेवली, तेव्हा झेडएफएसने त्या चरचरीचाही चेकसम काढला. आता ती चरचर जशीच्या तशी राहील, याची हमी आहे.

हे एवढं चांगलं असेल तर सगळीकडे का नाही? आपलं डेबियन बसवताना पडद्यावर फाइल सिस्टीमची यादी येते, तिच्यात झेडएफएस का नाही? कारण गुणाचं नाही, कायद्याचं आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने झेडएफएसची संहिता २००५ मध्ये खुली केली ती सीडीडीएल नावाच्या परवान्याखाली. लिनक्सचा गाभा जीपीएलखाली. दोन्ही मुक्त, आणि दोन्ही एका ताटात वाढता येतात का, यावर वाद. उबंटूवाल्यांनी २०१६ पासून आयतं मोड्यूल बांधून द्यायला सुरुवात केली. डेबियनने सोवळं पाळलं: झेडएफएस 'कॉन्ट्रिब' विभागात, तेही संहितेच्या रूपात, आणि ज्याने त्याने आपल्या यंत्रावर बांधून घ्यायचं. म्हणून ती मार्गदर्शिका लागते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करा, तिथे झेडएफएस बांधा, डिस्कचे भाग पाडा, पूल तयार करा, त्यात डेबियनचा सांगाडा उतरवा, आत शिरून बाकीचं लावा. आमच्या आणि मित्राच्या नातीच्या दोन दुपारी गेल्या. आणि पुढे गाभा बदलला की दर वेळी मोड्यूल नव्याने बांधलं जातं. ते बांधणं फसलं तर त्या नव्या गाभ्यावर यंत्र सुरू होत नाही, कारण मूळ घरच उघडत नाही.

नातीने विचारलं, आजोबा, चेकसमच हवे असतील तर बीटीआरएफएस का नाही? ती तर लिनक्सच्या गाभ्यातच आहे, २००९ पासून. फेडोराची डेस्कटॉप आवृत्ती २०२० पासून तीच लावते. डेबियनच्या यादीतही आहे. आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. दोन डिस्कांच्या जोडीपुरतं तेही चाललं असतं. आम्ही हट्टाने झेडएफएस घेतली, आणि हट्टाचं एक कारण पुणे होतं.

हे कारण फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडं थांबतो. लिनक्सवर झेडएफएस आणायचं काम अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत चालू होतं, त्यांच्या महासंगणकांच्या साठवणुकीसाठी. त्यांनी खालचे थर आणले. पण सर्वांत वरचा थर, ज्यामुळे आपल्याला फोल्डर दिसतात, फाइलला नाव असतं, तो त्यांच्याकडे अजून नव्हता. झेडएफएस लिनक्सवर होती, पण घर म्हणून उघडता येत नव्हती. २०१० मध्ये पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या कंपनीने लिव्हरमोरच्या कामावर हा वरचा थर चढवला. जानेवारी २०११ मध्ये त्याची आवृत्ती जाहीर झाली. एप्रिल २०११ मध्ये एसटेक या कंपनीने केक्यू विकत घेतली, आणि झेडएफएसचं काम तिथेच थांबलं. संहिता मात्र खुली होती, आणि ते काम पुढे लिव्हरमोरच्या आवृत्तीत मिसळलं गेलं. आज आपण ओपनझेडएफएस म्हणतो, तिच्या पूर्वजांत हे पुण्याचं काम आहे. कंपनी विकली गेली तरी काम शिल्लक राहिलं, ते परवान्यामुळे. ज्या परवान्याला आत्ताच आम्ही नावं ठेवली, त्याचं हेही देणं आहे.

आता मजकुराकडे. मार्गदर्शिकेचे गुण आधी. ती फसवत नाही. आरंभीच सांगते की ही कृती अख्खी डिस्क घेते, आधीचं सगळं जाईल. किती मेमरी असावी तेही सांगते. पूल एक न करता दोन का करायचे, याचं कारण देते: यंत्र सुरू करणाऱ्या ग्रबला झेडएफएसच्या सगळ्या नव्या करामती कळत नाहीत, म्हणून त्याच्यापुरता एक साधा पूल वेगळा ठेवायचा. पायरीला कारण जोडणारं लेखन आम्हाला आवडतं. आमच्या विद्यापीठांतली कितीतरी क्रमिक पुस्तकं एवढंही करत नाहीत.

पहिला दोष असा. मूळ आज्ञा आहे ती एका डिस्कची. दोन डिस्कांची जोडी लावायची तर ते खालच्या टिपांत. एका डिस्कवर झेडएफएस मावशीची फाइल बिघडली हे सांगेल, पण दुरुस्त कशातून करणार? आपल्या स्वतःच्या नोंदींच्या जादा प्रती ती ठेवते, आवाजाच्या ठेवत नाही, तुम्ही मुद्दाम सांगितल्याखेरीज. रोगाचं निदान पक्कं आणि औषध नाही, अशी ती अवस्था. निदानही मोलाचं आहे. मित्राकडे ते असतं तर पुढच्या दिवाळीला जुनी प्रत वाचली असती. पण जो माणूस आज्ञा उतरवून घेतो आणि टिपा वाचत नाही, त्याचा समज होतो की आपण सुरक्षित झालो. हे टिपेत नको, मजकुरात हवं.

दुसरा दोष आमच्या भाषेचा आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच हे व्याख्यान. पूल तयार करायच्या आज्ञेत आठ-दहा पर्याय एका दमात येतात. त्यांत एक आहे: नॉर्मलायझेशन, आणि त्यापुढे फॉर्म-डी. खाली एका वाक्यात खुलासा: यामुळे फाइलच्या नावांबाबतची काही कोपऱ्यातली प्रकरणं टळतात, आणि नाव यूटीएफ-८ मध्येच असावं लागतं. संपलं. कोपऱ्यातली प्रकरणं! मंडळी, 'कोपऱ्यात' हा शब्द जरा लिहून बघा. त्यात जो चंद्रकोरीसारखा र आहे, तेच ते प्रकरण. आम्ही त्या कोपऱ्यातच राहतो.

हा र संगणकात तीन रीतींनी लिहिता येतो. युनिकोडमध्ये 'ऱ' हे एक स्वतंत्र अक्षर आहे, इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबलं की येतं. दुसरी रीत: साधा र आणि त्याखाली नुक्त्याचा ठिपका. युनिकोडच्या नियमाने या दोन रीती समान आहेत. तिसरी रीत: साधा र, त्याचा पाय मोडायचा, आणि मागे एक अदृश्य जोडखूण ठेवायची. जुन्या टायपिंगच्या सवयीतून ही फार लिहिली गेली आहे. तिन्ही रीतींनी 'कऱ्हाड' पडद्यावर एकसारखंच दिसतं. पण संगणकाच्या लेखी तीन वेगळ्या बाइटमाळा. ईएक्सटी-४ किंवा बीटीआरएफएस बाइटच्या पलीकडे बघत नाहीत, त्यामुळे एका फोल्डरात 'कऱ्हाडची मावशी' नावाच्या तीन फाइली सुखाने नांदू शकतात. डोळ्याला एक नाव, यंत्राला तीन.

फॉर्म-डी लावलेली झेडएफएस यांतल्या पहिल्या दोन रीतींना एकच नाव मानते. नाव तुम्ही दिलं तसंच साठवते, पण तुलना करताना दोन्ही एका साच्यात घालून बघते. तिसरी रीत मात्र वेगळीच राहते, कारण अदृश्य जोडखूण त्या साच्यात विरघळत नाही. म्हणजे दुखणं निम्मंच बरं झालं.

उरलेलं निम्मं बरं करायला जावं, तर काय होतं तेही बघा. ईएक्सटी-४ मध्ये २०१९ पासून एक ऐच्छिक सोय आहे. रोमन लिपीतली मोठी आणि लहान अक्षरं नावात एकच धरायची, यासाठी ती मुख्यतः केलेली. एरवी ती बंद असते. एखाद्या फोल्डरला लावली, तर नावांची तुलना करताना ती अदृश्य खुणा सोडून देते. इंग्रजीत काही बिघडत नाही. मराठीत? जोडखुणेने लिहिलेल्या 'दऱ्या' मधली खूण काढली की उरतो 'दर्या'. सह्याद्रीच्या दऱ्या आणि कोकणचा दर्या एकच झाले. आचाऱ्याचा आचार्य झाला. आमच्या व्याकरणकारांनी हे दाखले वर्गात देऊन देऊन झिजवले, पण गाभ्याच्या संहितेपर्यंत ते कोणी पोचवले नाहीत. एक व्यवस्था जे एक आहे त्याला दोन म्हणते, दुसरी जे दोन आहे त्याला एक. आणि हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. काय एक आणि काय वेगळं, हे मराठी लिहिणाऱ्याने ठरवायचं की आणखी कोणी, असा तो आहे. ज्या थरात हे ठरतं तो नावांचा थर एकदा पुण्यात लिहिला जात होता, हे आठवलं की आम्हाला चुटपुट लागते. अर्थात त्या मुलांना दोष देणं अन्याय होईल. नियम सनचे आणि युनिकोडचे होते, आणि त्यांना आधी घराचं दार उघडायचं होतं.

नावांच्या लांबीचंही असंच. लिनक्सवर नाव सहसा २५५ बाइटांत बसवावं लागतं. देवनागरीतली प्रत्येक खूण, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खाते. म्हणजे इंग्रजीला २५५ अक्षरं, आपल्याला ८५ खुणा. विंडोजवर ठेवलेलं लांबलचक मराठी नाव इकडे उतरत नाही, ते यामुळे. ओपनझेडएफएसच्या २.३ आवृत्तीत १०२३ बाइटांपर्यंत नाव देण्याची सोय आली आहे, एवढं सांगून पुढे जातो.

आता कोणी म्हणेल, एवढ्या त्रासाऐवजी फ्रीबीएसडी घ्या. तिथे परवान्याचं भांडण नाही, २०१४ च्या दहाव्या आवृत्तीपासून इन्स्टॉलरमध्येच झेडएफएस आहे. आम्ही तेही एका जुन्या यंत्रावर करून बघितलं. अर्ध्या तासात यंत्र उभं! पडदा विचारतो: डिस्का किती, जोडी हवी का, पूलचं नाव काय, चार किलोबाइटचे सेक्टर धरायचे का, कूटबद्ध करायचं का. नावांच्या नॉर्मलायझेशनबद्दल अवाक्षर नाही. न विचारता ते बंद ठेवलं जातं. आणि हा पर्याय असा आहे की तो फाइल सिस्टीम जन्माला येतानाच ठरतो, नंतर बदलता येत नाही. बदलायचा तर पूलमध्ये नवी फाइल सिस्टीम काढा आणि सगळं तिकडे हलवा. ज्याला असं काही असतं हेच माहीत नाही, तो हे कधी करणार?

म्हणून आमचं मत असं झालं आहे की या एका बाबतीत अवघड मार्गदर्शिका सोप्या इन्स्टॉलरपेक्षा श्रेष्ठ आहे. ती समजावत नाही, पण लपवतही नाही. तुमच्या हातून ती अक्षरं टाइप करून घेते. टाइप करताना माणूस कधीतरी थबकतो, हे काय म्हणून विचारतो. नात थबकली, म्हणून आम्हाला कळलं. इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांकडे आमची मागणी मोठी नाही. पुढे बदलता येतील ते प्रश्न खुशाल गाळा. जे पुन्हा विचारता येणार नाहीत ते विचारा, आणि ज्याच्या नावांचा प्रश्न आहे त्याच्या भाषेतला एक दाखला सोबत द्या. 'दऱ्या' आणि 'दर्या' एवढे दोन शब्द पुरतील.

मावशीचं सांगायचं राहिलं. यंत्र उभं राहिल्यावर महिन्याभरात बातमी आली की मावशीच्या नातवाकडे एका जुन्या मॅकवर त्याच ओव्यांची प्रत आहे. कधीतरी मित्रानेच दिलेली. त्याने झिप करून पाठवली. आम्ही ती उघडायला लागलो, तर यंत्राने विचारलं: या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? जुने मॅक नावं फोडून ठेवत, म्हणजे त्याचा 'कऱ्हाड' नुक्त्याच्या रीतीचा होता, आमचा शिफ्ट-जेचा. ईएक्सटी-४ असती, तर दोन्ही मुकाट शेजारी शेजारी बसल्या असत्या आणि कुठली चांगली, कुठली चरचरणारी, हे नावावरून कधीच कळलं नसतं. इथे निदान प्रश्न विचारला गेला.

नात 'हो' दाबायला निघाली होती. चांगली प्रत बिघडलेलीवर गेली तर बरंच की. मित्राने तिचा हात धरला. दुसरं नाव देऊन नवी प्रत वेगळी ठेवली, आणि मग दोन्ही लावून ऐकल्या. नातवाच्या प्रतीत चरचर नाही, पण ती आधीच कुठेतरी तोडलेली आहे. बिघडलेल्या फाइलीत, शेवटाला, दोन ओव्या जास्त आहेत. आता दोन्ही फाइली दोन्ही डिस्कांवर आहेत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी डेबियन आपण होऊन सगळा पूल वाचून ताडून बघतं. मध्येच लाइट गेली, तर आली की राहिलं तिथून पुढे चालू करतं. मित्र त्या दिवशी निकाल बघायला आम्हाला फोन करून बोलावतो. चहा असतो.